एस्पेरांतोचं ग्रामर इंग्लिशमधून नको, मराठीतून शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दोन महिने झाले अ‍ॅपवर इंग्लिशमधून एस्पेरांतो ही मुद्दाम बनवलेली भाषा शिकताय, जो तो म्हणतो फक्त १६ नियम आहेत, एका दुपारी ग्रामर संपतं, मग मला तो शब्दाच्या शेवटी लागणारा 'न' कुठे लावायचा हे अजून का कळत नाही, आणि ते कोण-तो, केव्हा-तेव्हा असल्या ४५ शब्दांचं टेबल पाठ करायलाच लागतं का. सोबत तीन वाक्यं लिहून पाठवलीत. 'हिएराउ मी विदिस आल मिआ आमिको' म्हणजे काल मी माझ्या मित्राला पाहिलं, 'ली दिरिस, के ली वेनुस' म्हणजे तो म्हणाला की तो येईल, आणि 'नेनिउ ने वेनिस' म्हणजे कोणी आलं नाही. तिन्ही चुकलीयत, पण वाईट वाटून घेऊ नका. सतरा वर्षांपूर्वी मी डिट्टो याच चुका केल्यात आणि नंतर ज्या ज्या मराठी लोकांना शिकवलं त्यांनीही केल्यात. गंमत म्हणजे यातल्या दोन चुका मराठीमुळे होतात आणि मधली एक इंग्लिशमुळे, मराठीतच विचार केला असता तर ती झालीच नसती. माझं सगळं म्हणणं यातच आलं खरं तर, पण नीट सांगतो.

आधी त्या १६ नियमांचं. ही भाषा बनवणाऱ्या झामेनहॉफने १८८७ मध्ये वॉर्सॉत पहिलं पुस्तक काढलं ते रशियनमध्ये. त्यात ते १६ नियम आहेत हे खरंय, पण ते कोणासाठी लिहिलेत ते बघा. रशियन किंवा जर्मन येणाऱ्या माणसाला कर्माला वेगळा प्रत्यय लागतो हे लहानपणापासून माहीत असतं, त्याला 'न लावा' एवढं एका ओळीत सांगितलं की झालं. आपल्याला ती एक ओळ पुरत नाही. आणि इंग्लिशमधली पुस्तकं, अ‍ॅपं जे समजावतात ते इंग्लिश माणसाला काय अवघड जाईल ते धरून, म्हणजे आपल्याला जे फुकट येतं त्यावर चार-चार धडे आणि जिथे आपण खरंच आपटतो तिथे दोन ओळी. ड्युओलिंगोवर २०१५ पासून इंग्लिशमधून कोर्स आहे, लेर्नू ही साइट त्याच्याही आधीची, २००२ ची, दोन्ही चांगली आहेत, सराव तिथेच करा. फक्त नियम समजून घेताना डोक्यात इंग्लिश आणू नका.

उच्चारावर फार वेळ घालवत नाही. नववा नियम म्हणतो लिहिलं तसं वाचायचं, आपल्याला त्यात नवीन काय. पण इंग्लिश स्पेलिंगची सवय लागलेली असते म्हणून तीन-चार गोष्टी. त आणि द हे आपले दातावरचे, ट-ड नाही, म्हणून भाषेचं नाव एस्पेरांतो, एस्पेरांटो नाही. स्वर पाचच, आ ए इ ओ उ, आपला मोकळा 'अ' नाहीच, तो कुठेही घुसवायचा नाही. जोर कायम शेवटून दुसऱ्या स्वरावर. रोमन जे दिसला की 'य' वाचायचा. आणि आपली एक मजा, मराठीत च दोन आहेत ना, 'चहा'तला आणि 'चमचा'तला, लिहितो एकच पण बोलतो दोन, तेच एस्पेरांतोत दोन वेगळी अक्षरं आहेत. डोक्यावर टोपी असलेलं सी म्हणजे चहातला च, बिनटोपीचं सी म्हणजे चमच्यातला. खाली मी चहातला असेल तिथे च लिहितोय आणि चमच्यातला असेल तिथे त्स. इंग्लिश लोक या त्सवर आठवडाभर अडतात, तुम्ही दिवसातून पन्नास वेळा बोलता. ज दिसेल तो 'जन्म'मधला समजा. टोपीची अक्षरं टाइप करता येत नसली तर पुढे एक्स लावून लिहितात, सगळ्यांना कळतं.

शब्दांचे शेवट तुम्हाला येतातच. नाम ओ, विशेषण आ, क्रियाविशेषण ए, मूळ क्रियापद इ. काळ आस-इस-ओस, म्हणजे लेगास वाचतो, लेगिस वाचलं, लेगोस वाचेन, मग उस म्हणजे 'असतं तर' आणि नुसता उ म्हणजे आज्ञा किंवा इच्छा. अनेकवचनाला य. विशेषण नामाबरोबर बदलतं, बोनाय क्नाबोय, चांगले मुलगे, हे इंग्लिशवाल्यांना नवीन, आपल्याला नाही. उलट आपल्याला सूट आहे कारण लिंगानुसार बदल नाही, चांगला-चांगली-चांगलं सगळं 'बोना'. क्रियापद तर कोणासाठीच हलत नाही. जातो, जाते, जातोस, जातात, जातात त्या, सगळं 'इरास'. आणि घर-घराला-घरात करताना मधे जे सामान्यरूप होतं ते पण नाही, दोमो तो दोमोच.

आता 'न'. इथे जरा थांबू कारण नव्वद टक्के चुका इथेच होतात.

शाळेत विभक्ती पाठ केलेली आठवते का, द्वितीया स ला ते, स ला ना ते, आणि मग चतुर्थी, परत तेच स ला ते. आपण विचारायचो की बाई दोन्ही सेम आहेत तर दोन कशाला, आणि बाई म्हणायच्या पाठ करा. आता त्याचं उत्तर मिळतंय. एस्पेरांतोत द्वितीया म्हणजे 'न' आणि चतुर्थी म्हणजे 'आल', दोन वेगळ्या गोष्टी, आणि मराठीत दोघींनाही 'ला' आहे. म्हणून 'मित्राला पाहिलं' म्हटल्यावर तुमचा हात आपोआप 'आल'कडे गेला. इंग्लिश माणूस ही चूक करतच नाही, म्हणून त्याच्या पुस्तकात ती लिहिलेली नसते. 'पाहिलं' एवढंच असेल तर ज्याला पाहिलं तो सरळ कर्म आहे, न लावा, मिआन आमिकोन. विशेषणालाही न लागतो हे विसरू नका, मिआ नाही, मिआन. पण 'मित्राला पुस्तक दिलं' यात दिलं काय, पुस्तक, ते कर्म, न त्याला, आणि मित्र फक्त घेणारा, त्याला आल: मी दोनिस लिब्रोन आल मिआ आमिको. एकाच वाक्यात दोन माणसं-वस्तू असतील तर 'ला' वाला बहुतेक आल, एकटाच 'ला' वाला असेल तर बहुतेक न. भेटतो, बघतो, मारतो, ओळखतो, विचारतो, सगळे न. सांगतो आणि देतो यांना आल. त्याला विचारलं म्हणजे 'मी देमांदिस लिन', त्याला सांगितलं म्हणजे 'मी दिरिस आल ली'. आल आणि ला हे आरशात उलटे दिसतात, आठवायला सोपं, बाकी नातं काही नाही.

दुसरा घोळ उलटा आहे. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्ययच नसतो. 'आंबा खातो', आंब्याला काही चिकटत नाही, मग एस्पेरांतोतही आपण 'मी मान्जास मांगो' लिहून मोकळे. ते 'मांगोन' हवं. म्हणजे बघा, माणूस असला की चुकीचा प्रत्यय लावायचा आणि वस्तू असली की लावायचाच नाही, असं आपलं दोन्हीकडून होतं.

आणि भूतकाळात तर कहर. 'मुलाने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली'. क्रियापद आंब्याबरोबर, पोळीबरोबर चाललंय, प्रत्यय लागलाय मुलाला, तेव्हा मराठी कानाला वाटतं की आंबा हाच वाक्याचा मालक आणि मुलालाच काहीतरी लावायला पाहिजे. कर्मणी प्रयोग म्हणतात तो हाच. एस्पेरांतोत असलं काही नाही, काळ कुठलाही असो, करणारा कायम कोरा. मी शिकवताना एकच युक्ती देतो, वाक्य मनात भविष्यकाळात न्या. 'मुलगा आंबा खाईल'. आता 'ने' गेला, क्रियापद मुलाबरोबर आलं, मुलगा कोरा ठेवा आणि दुसऱ्याला न लावा: ला क्नाबो मान्जिस मांगोन. 'रामाने रावणाला मारलं' हे 'राम रावणाला मारेल' करा, झालं, राम कोरा, रावणाला न. सुरुवातीचे महिनाभर हे प्रत्येक भूतकाळाच्या वाक्याला करा, नंतर हात आपोआप जातो.

न एकदा कळला की लोक तो सगळीकडे लावत सुटतात, हा तिसरा टप्पा. 'मी एस्तास इन्स्त्रुइस्तोन' असं लिहितात. एस्तास म्हणजे आहे, त्याच्या पुढे न कधीच नाही, कारण मी आणि शिक्षक दोन वेगळे नाहीत, कोणी कोणाला काही करत नाहीये. तसंच कुन (बरोबर), दे (चा किंवा पासून), पोर (साठी), सेन (शिवाय) असल्या शब्दांनंतर न नाही, आठवा नियम तोच आहे. हे शब्द आपल्याकडे नामाच्या मागे येतात, घराशिवाय, मित्राबरोबर, तिकडे ते पुढे येतात, एवढी उलटापालट मात्र सवयीने होईल.

फक्त एक अपवाद, तेरावा नियम, दिशा. 'बागेत फिरतो' आणि 'बागेत जातो', मराठीत दोन्हीकडे 'बागेत'. तिकडे फिरताना 'एन ला जार्देनो' आणि जाताना 'एन ला जार्देनोन'. आधी बागेत नव्हता आणि आता झाला, तर न. उंदीर पलंगाखाली पळतोय म्हणजे खालच्या खालीच पळतोय का बाहेरून खाली शिरतोय हे मराठीत समोर बघितल्याशिवाय कळत नाही, एस्पेरांतोत एका न मध्ये कळतं. 'कुठे' पण तसंच, कुठे आहेस ते 'किए', कुठे चाललास ते 'किएन'. आणि ज्या शब्दातच दिशा आहे, आल किंवा जिस म्हणजे 'पर्यंत', त्यांच्यापुढे परत न लावायचा नाही. शिवाय वेळेला: लुंदोन म्हणजे त्या सोमवारी, त्री तागोय्न म्हणजे तीन दिवस. दर सोमवारी म्हणायचं असेल तर लुंदे.

या सगळ्या कटकटीच्या बदल्यात काय मिळतं, तर शब्द कुठेही ठेवायची मुभा. 'मी मांगोन मान्जास' हे आपल्या मराठी क्रमाचं वाक्य एस्पेरांतोत चालतं, कोणी चूक म्हणणार नाही. क्रियापद मधे ठेवायची पद्धत जास्त आहे इतकंच.

'मला'ची वाक्यं वेगळी घ्यायला लागतील कारण भविष्यकाळाची युक्ती इथे फसते. मराठी माणूस दिवसभर मला भूक लागली, मला पाहिजे, मला येतं, मला दिसलं असंच बोलत असतो. यातलं एकच जसंच्या तसं जातं, आवडणे. प्लाची हे क्रियापद हुबेहूब आवडणेसारखं, 'ला मांगो प्लाचास आल मी', आंबा कोरा आणि मला म्हणजे आल मी. वाटणे पण थोडंफार, 'शाय्नास आल मी, के', मला असं वाटतं की, आणि पुरणे, 'सुफिचास आल मी', मला पुरतं. बाकी सगळीकडे मला चा मी करून टाका. मला भूक लागलीय, 'मी मालसातास'. मला पाहिजे, 'मी वोलास'. मला पोहता येतं, 'मी स्त्सिपोवास नाजी'. मला तो दिसला, 'मी विदिस लिन'. माझ्याकडे पुस्तक आहे, 'मी हावास लिब्रोन'. ही यादी फार मोठी नाही, पंधरा-वीस क्रियापदं असतील, ती सरळ पाठ करा.

आता जे फुकट मिळतं तिकडे येऊ.

इंग्लिश पुस्तकात 'सिआ' या शब्दावर पानंच्या पानं असतात, कारण त्यांच्याकडे त्याचा भाऊ म्हणजे स्वतःचा का दुसऱ्या कोणाचा हे कळायला मार्गच नाही. आपल्याकडे 'आपला' आहे. राम आपल्या भावाला भेटला, सिआन फ्रातोन. राम त्याच्या भावाला भेटला, म्हणजे शामच्या बिमच्या, लिआन फ्रातोन. संपलं. 'राम आणि त्याचा भाऊ आले' यात आपण 'राम आणि आपला भाऊ' म्हणत नाही, तिकडेही सिआ चालत नाही, लिआच. एकच खड्डा आहे, आपलं 'आपला' मी-तू सगळ्यांना चालतं, 'तू आपलं काम कर' म्हणतो, सिआ फक्त तो-ती-ते वाल्यांना. माझ्या बाबतीत मिआ, तुमच्या बाबतीत विआ. या खड्ड्यात मी स्वतः दोनेक वर्षं पडत होतो आणि कोणी सांगितलं नाही, लोक भिडस्त असतात.

बाय द वे सर्वनामं. मी म्हणजे मी, हे बघून पहिल्या दिवशी सगळे खूष होतात. तू-तुम्ही-आपण तिन्हींना एक 'वी', त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्न मिटला, आणि आम्ही-आपण दोन्हींना एक 'नी', हे मात्र मला अजून खटकतं, समोरच्याला धरून बोलतोय की सोडून ते कळत नाही. आणि 'काय' असं ऐकू आलं तर दचकू नका, तिकडे त्याचा अर्थ 'आणि'. पहिल्यांदा दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोललो तेव्हा तो चहा काय कॉफी छापाचं बोलत होता आणि मी प्रत्येक वेळी थांबून उत्तर देत होतो.

ते ४५ शब्दांचं टेबल. पाठ करू नका, तुम्हाला निम्मं येतं. कधी-केव्हा आणि तेव्हा, किती आणि तितकं, कसा आणि तसा, कुठे आणि तिथे. क ने सुरू झालं की प्रश्न, त ने सुरू झालं की बोट दाखवणं. तिकडे कि आणि ति. किआम-तिआम केव्हा-तेव्हा, किओम-तिओम किती-तितकं, किएल-तिएल कसं-तसं, किए-तिए कुठे-तिथे, किउ-तिउ कोण-तो. इंग्लिशमधून पाठ करणाऱ्याला हे डब्ल्यू-एच आणि टी-एच असं अर्धवट जुळतं, आपलं रांगेत जुळतं. शेवट नऊ आहेत: उ माणूस किंवा 'कोणता', ओ वस्तू, आ प्रकार, ए जागा, आम वेळ, आल कारण, एल पद्धत, ओम प्रमाण, एस 'कोणाचं'. सुरुवाती पाच: कि, ति, नुसता इ म्हणजे 'तरी' (इआम कधीतरी, इए कुठेतरी), चि म्हणजे सगळं (चिआम नेहमी, चिए सगळीकडे), नेनि म्हणजे काहीच नाही. पाच नवे पंचेचाळीस. आपल्याकडे जास्तीच्या दोन रांगा आहेत, जेव्हा-जिथे-जसं ही ज ची आणि इथे-इतका-असा ही इ ची. ज ची रांग तिकडे कि मध्येच आहे, म्हणजे केव्हा आणि जेव्हा दोन्ही किआम. आणि जवळचं दाखवायला पुढे नुसता 'ची' लावा, तिए तिथे, ची तिए इथे. एक सांभाळा, आपला इ जवळचा आणि त्यांचा इ 'तरी'वाला, इए म्हणजे इथे नव्हे.

'जो'च्या वाक्यात किउला न लागायचा की नाही ते त्याच्या तुकड्यात तो काय करतो त्यावर. जो मुलगा आला, किउ वेनिस. जे पुस्तक मी वाचलं, किउन मी लेगिस, कारण वाचणारा मी.

आणि तुमचं तिसरं वाक्य. 'कोणीही आलं नाही' यात आपण नाही म्हणतोच म्हणतो, तिकडे नेनिउ मध्येच नाही आलेलं आहे, परत ने (म्हणजे नाही) घातला तर न आलेला कोणीच नाही, म्हणजे सगळे आले. बारावा नियम खास यासाठीच आहे. 'नेनिउ वेनिस', बस. आणि साध्या वाक्यात ने क्रियापदाच्या आधी, आपल्यासारखा शेवटी नाही. प्रश्न विचारताना आपला शेवटचा 'का' उचलून पुढे ठेवायचा, त्याचं नाव चू: चू वी वेनास, येतोस का. बाकी वाक्य हलवायचं नाही.

आता मधलं वाक्य, इंग्लिशने बिघडवलेलं. 'तो म्हणाला की तो येईल', यातला येईल बघून तुमच्या डोक्यात इंग्लिशचं वुड आलं आणि तुम्ही वेनुस लिहिलं. मराठीत आपण म्हणाला बरोबर येईल सरळ ठेवतो की नाही, एस्पेरांतोतही तसंच, बोलणाऱ्याने तेव्हा जो काळ वापरला असता तोच. 'ली दिरिस, के ली वेनोस'. 'के' हा आपला 'की' समजा. वेनुस म्हणजे 'आला असता', तो अर्थच वेगळा. दहावीपर्यंत आपण डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचचे मार्क मिळवण्यासाठी काळ मागे ढकलायला शिकलो, ते सगळं इथे विसरा.

हाच प्रकार 'उ'चा. 'मला वाटतं तू यावंस' यातलं यावं, शाळेतला विध्यर्थ, तोच हा उ. मी वोलास, के वी वेनु. त्याने यावं, 'ली वेनु'. आपण जाऊ या, 'नी इरु'. इंग्लिशमधून येणारे इथे वेनास लिहितात, तुम्ही मनात यावं-करावं-बसावं ऐकू आलं की उ लावा, चुकणार नाही.

मग इग आणि इज. यावर माझं खास प्रेम आहे. मराठीत सुरू करणे आणि सुरू होणे, तिकडे 'कोमेन्त्सी' आणि 'कोमेन्त्सिजी'. इग म्हणजे करणे-करवणे, इज म्हणजे होणे. रोम्पी तोडणे, रोम्पिजी तुटणे. बोली उकळणे (पाणी आपणहून), बोलिगी उकळवणे. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे असल्या जोड्या आपण झोपेत बोलतो, इंग्लिशला दार उघडलं आणि दार उघडलं यात फरक करायची सवय नाही म्हणून त्यांना वर्षं जातात. अडचण एकच, जोडीतलं मूळ कुठलं ते प्रत्येक क्रियापदाचं लक्षात ठेवायला लागतं. रोम्पी मुळात तोडणे आहे, बोली मुळात उकळणे आहे, याला नियम नाही, नवं क्रियापद शिकलात की लगेच मराठी अर्थ जोडीतला बरोबर लिहून ठेवा, 'उघडणे' असं मोघम नको. बसणेचे तर तीन होतात, सिदी बसलेलं असणे, सिदिजी खाली बसणे, सिदिगी बसवणे. 'मी बसलोय' हे मी सिदास, वर्तमानकाळ, इथे भूतकाळ लावू नका.

कृदंतं अ‍ॅपवर फार शेवटी येतात, मला वाटतं आपल्याला लवकर दिली तरी चालतील. इता म्हणजे -लेला: लेगिता लिब्रो वाचलेलं पुस्तक. ओता म्हणजे -यचा: लेगोता लिब्रो वाचायचं पुस्तक, जे माझ्याकडे ढिगाने आहे. आंता म्हणजे -णारा, आणि भाषेचं नाव त्यातूनच आलंय, एस्पेर-आंत-ओ, आशा करणारा, झामेनहॉफने पहिल्या पुस्तकावर डॉक्तोरो एस्पेरांतो असं टोपणनाव घातलं होतं तेच पुढे भाषेला चिकटलं. आणि इंते म्हणजे आपला -ऊन: मान्जिंते, ली इरिस, जेवून तो गेला. आंते म्हणजे -ताना: मान्जांते, जेवताना. फक्त 'वाचत आहे' बघून दर वेळी एस्तास लेगांता लिहू नका, साधं लेगास पुरतं.

शब्द जोडणं तुम्हाला जमतंय असं दिसतं म्हणून पटकन सांगतो. माल म्हणजे उलटं, वाईट नव्हे. साना निरोगी, मालसाना आजारी, मालसानुलो आजारी माणूस, मालसानुलेयो अशा माणसांची जागा म्हणजे हॉस्पिटल. एब्ला आणि इंदा यात गोंधळू नका, लेगेब्ला म्हणजे वाचता येण्याजोगं (अक्षर बरं आहे), लेगिंदा म्हणजे वाचण्यासारखं. नात्यांमध्ये मात्र आपली पंचाईत होते. काका, मामा दोघेही ओन्क्लो, आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या ओन्क्लिनो. बो लावला की सासरचं किंवा लग्नाने झालेलं, बोफ्रातिनो म्हणजे नणंद की मेव्हणी की वहिनी ते समजावायला तुम्हाला वेगळं वाक्य लिहायला लागेल. त्याची भरपाई आकड्यांमध्ये. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी हे ज्याने पाठ केलंय त्याला दुदेक नाउ, त्रिदेक नाउ, सेपदेक नाउ बघून रडूच येईल. एक ते दहा, शंभर आणि हजार, एवढे शब्द आले की ९,९९९ पर्यंत सगळे आकडे तुमचे. आकड्यांना न लागत नाही, फक्त मोजलेल्या वस्तूला: दु लिब्रोय्न.

तर तुमची वाक्यं अशी होतील: हिएराउ मी विदिस मिआन आमिकोन. ली दिरिस, के ली वेनोस. नेनिउ वेनिस.

आता पंधरा दिवस अ‍ॅपवर नवीन धडा घेऊ नका. रोज दहा वाक्यं आधी मराठीत लिहा, घरातलीच, आईने चहा केला, मला भूक लागली, भावाने माझा चार्जर तोडला की तुटला, असली. मग प्रत्येकाखाली करणाऱ्याला एक रेघ आणि ज्याला केलं त्याला दोन रेघा मारा आणि मगच एस्पेरांतोत न्या. चार्जरच्या वाक्यात रोम्पिस की रोम्पिजिस ते भावावर अवलंबून आहे.